सही करण्याआधी: उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांच्या सर्व कार्यकारिणी आणि मराठी शाळांचे संचालक

सप्रेम नमस्कार.

इमिग्रेशन कोर्टात उभ्या राहणाऱ्या माणसाला वकील करण्याचा हक्क आहे, पण सरकारी खर्चाने नाही. अमेरिकेचा कायदाच तसे म्हणतो. फौजदारी खटल्यात गरिबाला सरकार वकील देते. हद्दपारीचा खटला मात्र दिवाणी धरला जातो, मग माणूस कोठडीत का असेना. त्यामुळे डिटेन्शन सेंटरमधला माणूस बहुतेक वेळा एकटाच न्यायाधीशापुढे बसतो आणि समोर सरकारचा प्रशिक्षित वकील असतो. २००७ ते २०१२ मधल्या खटल्यांचा एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार कोठडीतल्या फक्त १४ टक्के लोकांकडे वकील होता.

ही पोकळी थोडी तरी भरावी म्हणून २००३ पासून न्याय खात्याच्या पैशातून 'लीगल ओरिएंटेशन प्रोग्रॅम' चालत असे. आधी सगळ्यांसाठी एकत्र वर्ग, मग एकेकाशी थोडा वेळ बोलणे, स्वतःचा अर्ज स्वतः भरणाऱ्यांसाठी कार्यशाळा आणि शक्य तिथे विनामूल्य वकिलाकडे पाठवणी, असे त्याचे चार भाग. त्यात कुणाचा खटला लढवला जात नसे, फक्त समजावून सांगितले जाई. तेवढ्यानेही फरक पडत होता. न्याय खात्याच्याच २०१२ च्या अहवालाप्रमाणे, हा वर्ग मिळालेली माणसे सरासरी ६ दिवस कमी कोठडीत राहिली आणि खर्च वजा जाता सरकारचे सुमारे १ कोटी ७८ लाख डॉलर वाचले. तरी २०१८ मध्ये तो थांबवण्याची घोषणा झाली. ती मागे घ्यावी लागली. २२ जानेवारी २०२५ ला पुन्हा काम थांबवण्याचा आदेश निघाला, फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो उठला आणि एप्रिलमध्ये करारच संपवले गेले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात कोठडीतल्या माणसांची संख्या ६० हजारांच्या वर गेली. आता काही संस्था देणग्यांवर हे वर्ग चालवतात, तेही जिथे आत येऊ दिले जाते तिथेच.

मंडळांना हे का सांगतो आहोत? 'आपली माणसे कागदपत्रे नीट ठेवतात, आपल्याकडे असले काही नसते' हे उत्तर आम्हाला पाठ आहे. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. त्यात हरियाणा, गुजरात आणि पंजाबची माणसे सर्वांत जास्त होती, पण तिघे महाराष्ट्राचे होते. आकडा लहान आहे आणि अडचण त्या लहानपणातच आहे. स्पॅनिशमध्ये पत्रके, चित्रफिती, दुभाषे सगळे मिळते. पंजाबी बोलणाऱ्याला मोठ्या सेंटरमध्ये दुसरा पंजाबी भेटतो, बाहेरून गुरुद्वारा धावून येतो. मराठी माणूस तिथे बहुधा एकटा असतो. त्याच्या फाइलवर भाषा 'हिंदी' अशी नोंदलेली असते आणि विचारले तर तोही मान डोलावतो.

शिवाय 'आपली माणसे' म्हणजे कोण, हेही एकदा पाहावे. कॉलेजने नोंद रद्द केल्यामुळे स्टेटस गेलेला विद्यार्थी. नोकरी गेल्यावर मिळणारे ६० दिवस उलटून गेलेला एच-वन-बीवाला. मुलाकडे आलेले आणि मुदतीनंतर राहिलेले आई-वडील. दुकानातून वस्तू उचलल्याच्या जुन्या प्रकरणात 'दंड भरून मोकळे व्हा' असे ऐकून गुन्हा कबूल केलेला ग्रीन कार्डधारक. (फौजदारी वकिलाने कबुलीआधी हद्दपारीचा धोका सांगितलाच पाहिजे असे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये ठरवले, पण जुन्या कबुल्या तशाच पडून आहेत.) आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्याचे खलाशी. या प्रत्येकाला वेगळा कायदा लागतो. खलाशी म्हणून आलेल्याला साधारणपणे नेहमीचा हद्दपारीचा खटलाच मिळत नाही. त्याला भीतीच्या आधारावर आश्रय मागण्यापुरती सुनावणी मिळू शकते, आणि १० वर्षांच्या वास्तव्यावर मिळणारी सवलत त्याला मागताच येत नाही. म्हणून 'माझ्या ओळखीच्याला असे केल्यावर सुटका झाली' हा सल्ला कोठडीच्या फोनवर देऊ नये.

आता आत काय शिकवावे लागते ते सांगतो. पहिला धडा सहीचा. पहिल्या एक-दोन दिवसांत माणसापुढे कागद येतात, झोप झालेली नसते, इंग्रजी भराभर बोलले जाते, आणि 'इथे सही कर' एवढेच कळते. प्रत्येक सही घातक नसते. कागद मिळाला म्हणून केलेली सही म्हणजे आरोपांची कबुली नव्हे, आणि ती न केल्याने काही थांबतही नाही. घातक कागद वेगळे आहेत. एक म्हणजे सुनावणीशिवाय हद्दपारीचा हुकूम मान्य करणारा; त्यावर सही केली की न्यायाधीशासमोर बोलण्याची संधी गेली. दुसरा स्वेच्छेने देश सोडण्याचा. तो काहींना खरोखर सोयीचा असतो, कारण अंगावर हद्दपारीचा हुकूम राहत नाही. पण सुनावणीच्या सुरुवातीला हा मार्ग घेतला तर अपील सोडावे लागते. जास्तीत जास्त १२० दिवस मिळतात, खटल्याच्या शेवटी घेतला तर ६०. दिलेल्या मुदतीत गेले नाही तर दंड होतो आणि १० वर्षे बऱ्याच सवलतींची दारे बंद होतात. शिवाय अमेरिकेत बेकायदा राहिलेला काळ १८० दिवसांच्या किंवा एका वर्षाच्या पुढे गेला असेल, तर परत येण्यावर ३ किंवा १० वर्षांची बंदी लागू शकते, मग जाणे कितीही स्वेच्छेचे असो.

तिसरी सही सर्वांत फसवी, कारण ती 'नोटीस टू अपीअर' या आरोपपत्रातच असते. नोटीस हातात पडल्यापासून पहिल्या सुनावणीपर्यंत किमान १० दिवस मिळावेत असा कायदा आहे, वकील शोधायला वेळ मिळावा म्हणून. पण त्याच नोटिशीत 'लवकर सुनावणी हवी' असा एक चौकोन असतो. तिथे सही केली की ते १० दिवस आपणच सोडून दिले. आतल्या माणसाला 'लवकर' हा शब्द सुटकेसारखा वाटतो. वर्गात हा कागद मोठा करून भिंतीवर लावावा, त्या चौकोनावर बोट ठेवावे आणि मगच पुढे जावे.

याच नोटिशीच्या वरच्या भागात आणखी तीन चौकोन असतात: नुकताच सीमेवर आलेला, तपासणीशिवाय आत शिरलेला, आणि रीतसर प्रवेश मिळाला पण आता राहण्याचा हक्क नाही असा. कोणत्या चौकोनावर खूण आहे यावर पुढचे जवळजवळ सगळे ठरते. सप्टेंबर २०२५ मध्ये इमिग्रेशन अपील बोर्डाने निकाल दिला की तपासणीशिवाय शिरलेल्यांना बॉण्डवर (अनामत रक्कम भरून) सोडण्याचा अधिकार इमिग्रेशन न्यायाधीशांना नाही. त्यावर फेडरल कोर्टांत ठिकठिकाणी लढाई सुरू झाली, आणि वेगवेगळ्या भागांतले निकाल सारखे नाहीत. त्या-त्या दिवशीची स्थिती स्थानिक वकिलालाच विचारावी. पण व्हिसावर आलेला माणूस तिसऱ्या चौकोनात येतो आणि त्याला तो निकाल लागू नाही. मराठी माणसांपैकी बहुतेक व्हिसावर आलेली असतात. म्हणून चुकीच्या चौकोनावर खूण असेल तर पहिल्याच सुनावणीत हरकत घ्यायला हवी, आणि आपण कधी, कुठून, कसे आत आलो हे दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर असते. पुरावा घरी असतो: पासपोर्टवरचा शिक्का, व्हिसाचे पान, आणि सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून काढता येणारा आय-९४, म्हणजे प्रवेशाची नोंद. घरच्यांनी पहिल्याच दिवशी तो काढून वकिलाकडे द्यावा. शेजाऱ्यांची शिफारसपत्रे नंतर.

कोठडीचा निर्णय कळवणारा आय-२८६ हा आणखी एक कागद. त्यात 'न्यायाधीशाकडून फेरविचार हवा' आणि 'नको' असे दोन पर्याय असतात. न कळता 'नको'वर खूण झाली तरी नंतर विनंती करता येते, लेखी किंवा तोंडी, आणि त्याला शुल्क नाही. तरी वेळ जातो तो जातोच.

बॉण्डवर मात्र थोडे थांबायला हवे, कारण मंडळांची खरी मदत इथे होऊ शकते आणि गोंधळही इथेच सर्वांत जास्त होतो. काही जणांना कायद्यानेच बॉण्ड मिळत नाही, विशेषतः ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांना. बाकीच्यांच्या बाबतीत न्यायाधीश दोन गोष्टी पाहतो: हा माणूस कुणाला धोका आहे का, आणि सोडला तर सुनावणीला येईल का. किमान रक्कम १,५०० डॉलर. वरची मर्यादा नाही. कोर्टापुढे ठेवायच्या गठ्ठ्यात या गोष्टी हव्यात. सुटल्यावर राहायला जागा देणाऱ्याचे सहीचे पत्र, सोबत त्याच्या नागरिकत्वाचा किंवा ग्रीन कार्डचा पुरावा, आणि त्या पत्त्याचे वीजबिल किंवा भाडेकरार. गेल्या काही वर्षांची करविवरणपत्रे. मुलांचे जन्मदाखले. पूर्वी अटक झाली असेल तर त्या कोर्टाकडून आलेली, शिक्क्याची निकालप्रत. 'केस मिटली होती' हे तोंडी सांगून चालत नाही. अशा वेळी न्यायाधीश वाईटच गृहीत धरतो. मंडळांकडून येणारी पत्रे बहुतेक निरुपयोगी असतात. 'अत्यंत सज्जन, गणेशोत्सवात हिरिरीने भाग घेतात' यातून न्यायाधीशाला काहीच मिळत नाही. लिहिणारा त्या माणसाला किती वर्षांपासून ओळखतो, कुठल्या कामामुळे, त्याच्यावरचा आरोप लिहिणाऱ्याला माहीत आहे का, आणि सुनावणीला त्याला कोण गाडीने घेऊन जाईल, हे लिहावे. आरोप माहीत नसताना लिहिलेले पत्र सरकारी वकील एका प्रश्नात निकामी करतो.

मराठीतला प्रत्येक कागद, मग तो जन्मदाखला असो की पोलिसांचा पंचनामा, इंग्रजी भाषांतरासह लागतो, आणि भाषांतराला प्रमाणपत्र जोडावे लागते: मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर खरे व अचूक आहे, सही, नाव, पत्ता, फोन. नोटरीची गरज नाही. हे प्रमाणपत्र विसरले म्हणून चांगला पुरावा बाजूला पडतो. मराठी शाळेतले शिक्षक हे काम उत्तम करू शकतात.

बॉण्डची पहिली सुनावणी घाईत उरकू नये. एकदा नकार मिळाला की दुसऱ्यांदा मागायला परिस्थितीत ठोस बदल दाखवावा लागतो. कागद तयार नसतील तर 'तयारीला वेळ हवा' असे सांगून पुढची तारीख घेणे शहाणपणाचे, मग आणखी आठवडाभर आत राहावे लागले तरी. घरच्यांना हे पटवणे अवघड जाते. ते समजण्यासारखे आहे.

बॉण्ड मंजूर झाल्यावर पूर्ण रक्कम आइसकडे, म्हणजे अटक, कोठडी आणि हद्दपारी पाहणाऱ्या सरकारी खात्याकडे, भरावी लागते; फौजदारी कोर्टासारखी दहा टक्क्यांवर सुटका नाही. भरणा ऑनलाइन, थेट बँकेतून होतो. भरणाऱ्याचे स्वतःचे स्टेटस पक्के असावे लागते, म्हणून रूममेटने पुढे होण्याआधी वकिलाला विचारावे. पावती जपावी. खटला संपेपर्यंत माणूस प्रत्येक तारखेला हजर राहिला तर पैसे भरणाऱ्याला परत मिळतात, पण भरणाऱ्याचा पत्ता मधल्या काळात बदलला असेल आणि आइसची नोटीस जुन्या घरी गेली तर रक्कम जप्तही होते. मंडळाने वर्गणी काढून दिली तर पैसे भरणारा एकच माणूस असतो आणि परतावाही त्याच्याच नावावर येतो. हे आधी लेखी ठरवावे. नंतर त्यावरून भांडणे होतात.

सुनावणीची तालीमही वर्गात करून घ्यावी. पहिली सुनावणी बहुधा पडद्यावर, पाच-दहा मिनिटांची. न्यायाधीश नाव, पत्ता, भाषा विचारतो. इथेच 'मला सर्वांत चांगली मराठी समजते' असे ठामपणे सांगायचे. दुभाषा कोर्ट देते, फुकट. अहिराणी, मालवणी किंवा कोकणी बोलणाऱ्याने तेही सांगावे. पडद्यावरचा आवाज तुटत असेल तर तेव्हाच बोलावे, कारण नोंदीत नसलेली अडचण अपिलात उपयोगी पडत नाही. मग 'वकील शोधायला वेळ हवा' ही विनंती. पहिल्या वेळी ती सहसा मान्य होते. आरोपपत्रातली विधाने वाचून, समजून घेतल्याशिवाय 'खरे आहे' म्हणू नये. निकाल विरोधात गेला तर न्यायाधीश विचारतो की निकाल मान्य की अपिलाचा हक्क राखता. थकलेला माणूस 'ओके' म्हणतो, आणि ते मान्य केल्यासारखे धरले जाते. 'मी हक्क राखतो' हे एक वाक्य इंग्रजीत पाठ करून घ्यावे. अपिलाची मुदत वर्षानुवर्षे ३० दिवसांची होती. ती कमी करण्याचे प्रयत्न झाले आहेत, म्हणून आदेशावर छापलेली तारीखच प्रमाण मानावी. त्या तारखेपर्यंत अर्ज बोर्डाच्या हाती पडलेला लागतो, टपालात टाकलेला चालत नाही. कोठडीतून जाणारे टपाल किती रेंगाळते हे ज्यांना माहीत आहे, ते आठवडाभर आधी पाठवतात.

आश्रयाबद्दल दोन गोष्टी. भारतात परत जायची खरी भीती असेल, आंतरजातीय लग्नावरून जिवाची धमकी असो की आणखी काही, तर ती पहिल्याच अधिकाऱ्याला सांगावी आणि प्रत्येक वेळी सांगावी. आधी 'भीती नाही' अशी नोंद झाली की नंतर ती खोडणे कठीण जाते. अमेरिकेत आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करण्याचा नियम आहे, त्याला थोडे अपवाद आहेत. आणि एजंटने शिकवलेली गोष्ट सांगू नये. जाणूनबुजून खोटा आश्रय-अर्ज केल्याचे ठरले तर इमिग्रेशनच्या जवळजवळ सर्व सवलती कायमच्या बंद होतात. या वाक्यावर वर्गात नेहमी शांतता पसरते, आणि पसरू द्यावी.

दूतावासाचा मुद्दा मंडळे नेहमी उलटा धरतात. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटकेतल्या परदेशी माणसाला आपल्या वाणिज्य दूतावासाशी बोलण्याचा हक्क आहे. पण काही देशांच्या नागरिकांबाबत अमेरिका आपणहून कळवते, त्या यादीत भारत नाही. म्हणजे माणसाने स्वतः मागावे लागते. वॉशिंग्टनचा दूतावास, न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, अटलांटा, सॅन फ्रान्सिस्को, सिएटल अशा कार्यालयांपैकी कुठले लागू पडते ते पत्रकात राज्यवार छापावे. मात्र जो भारतातल्या सरकारी यंत्रणेच्याच भीतीने आश्रय मागतो आहे, त्याच्या वतीने मंडळाने दूतावासाला फोन करू नये. चांगल्या हेतूने केलेला तो एक फोन सगळ्या दाव्याला बाधक ठरू शकतो.

बाहेरच्या कुटुंबाला माणूस सापडणे हीच पहिली अडचण असते. आइसच्या ऑनलाइन शोधात ए-नंबर (इमिग्रेशन फाइलचा क्रमांक) आणि जन्मदेश टाकला की ठिकाण दिसते. ए-नंबर नसेल तर नाव, आडनाव आणि जन्मदेश लागतो, आणि नाव अक्षरशः जुळावे लागते. इथे मराठी नावे घोळ घालतात. वडिलांचे नाव मधले की पहिल्या नावाचाच भाग, आडनाव पासपोर्टवर एका स्पेलिंगने आणि लायसन्सवर दुसऱ्या, पासपोर्टवर एकच नाव असेल तर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (पहिले नाव अज्ञात). पासपोर्टप्रमाणे शोधावे, मिळाले नाही तर उरलेले प्रकार एकेक करून पाहावेत. न्यू जर्सीत पकडलेला माणूस दोन दिवसांत लुइझियाना किंवा टेक्सासमध्ये असू शकतो, तेव्हा रोज पाहावे. सुनावणीची तारीख कोर्टाच्या स्वयंचलित फोनवर कळते: १-८००-८९८-७१८०, तिथेही ए-नंबरच लागतो. सुटल्यावर लक्षात ठेवायची गोष्ट अशी की आइस आणि कोर्ट ही दोन वेगळी खाती आहेत. आइसच्या अधिकाऱ्याला नवा पत्ता सांगितला म्हणजे कोर्टाला कळला असे होत नाही. कोर्टासाठी ईओआयआर-३३ हा अर्ज ५ कामकाजी दिवसांत भरावा लागतो. तो न भरल्याने नोटीस चुकीच्या घरी जाते आणि गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम निघतो. बॉण्डवर सुटलेल्यांचे खटले असेच हकनाक जातात.

मंडळांनी काय करावे, आता तेच. कायद्याचा सल्ला तुम्ही देऊ नये. परवानाधारक वकील किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधी यांच्याखेरीज कुणी 'तू हा अर्ज भर' असे सांगणे बेकायदा आहे, मग कितीही फुकट असो. आमची पहिली विनंती आहे दुभाष्यांची. प्रत्येक टाइम झोनमध्ये किमान दोन, अशी मिळून एक यादी, आणि ती आत जाणाऱ्या विधी संस्थांच्या हवाली. दुभाष्याने बोललेले तसेच, पहिल्या पुरुषात, गाळल्याशिवाय सांगावे; सारांश करू नये, 'अरे असं नको सांगू' असे मध्ये घालू नये. आणि एक नियम आम्ही न तडजोड करता मागतो: दुभाषा त्याच गावच्या मंडळातला नसावा. एडिसनच्या माणसासाठी फ्रीमाँटचा दुभाषा, अटलांटाच्या माणसासाठी सिएटलचा. मराठी वर्तुळ लहान आहे. ज्याच्यासमोर आपली अब्रू आहे त्याच्या तोंडून जुन्या अटकेबद्दल कुणी खरे बोलत नाही, आणि खरे न बोलल्याने केस बुडते.

वकिलाने बोलावलेला दुभाषा त्याच्या गोपनीयतेच्या कक्षेत येतो. मंडळाच्या स्वयंसेवकाने कोठडीच्या फोनवर थेट केलेले बोलणे त्यात येत नाही. ते फोन रेकॉर्ड होतात. त्या फोनवर तब्येत, मुले, पैसे, वकिलाचे नाव एवढेच. कसा आला, कुठे काम केले, कधी स्टेटस गेले, हे विचारूच नये. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव आणि ए-नंबर टाकून 'कुणी वकील आहे का' असे विचारण्याची पद्धत तर आजच बंद करावी.

दुसरी विनंती मराठी पत्रकाची आणि ध्वनिफितीची. दोन पाने, मोठा टाइप, वर तारीख, आणि दर तीन महिन्यांनी इमिग्रेशन वकिलाची नजर. जुने पत्रक नसलेल्यापेक्षा वाईट, २०२५ मध्ये हे सगळ्यांनी पाहिले. टपालाने पाठवायचे तर स्टेपलच्या पिना, क्लिप, स्टिकर नकोत. बहुतेक ठिकाणी त्यामुळे पाकीट परत येते.

आत जाऊन वर्ग घ्यायचा असेल तर आइसची डिटेन्शनबद्दलची मानके अशा वर्गांची तरतूद करतात. वकिलाने आइसच्या स्थानिक कार्यालयाकडे लेखी मागणी करायची: विषयाची रूपरेषा, वाटायचे साहित्य, भाषा, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाची माहिती, दुभाष्यांसह. पार्श्वभूमी तपासायला वेळ लागतो, म्हणून बरेच आधी. वर्गाची सूचना आत ४८ तास आधी लागायला हवी. ती लागली की नाही हे फोन करून विचारावे, कारण न लागल्यास खोली रिकामी राहते आणि 'कुणाला गरज नव्हती' अशी नोंद होते. वर्गात फी घेणे, स्वतःचे अशील गोळा करणे चालत नाही. एकट्या मराठी माणसासाठी वेगळा वर्ग होणार नाही. तो इंग्रजी किंवा हिंदी वर्गात बसेल आणि नंतर एकेकाशी बोलण्याच्या वेळी दुभाषा फोनवर लागेल. एवढे झाले तरी पुष्कळ आहे. वर्गाला न आलेल्यालाही सेंटरच्या कायदा-ग्रंथालयात आठवड्याला किमान ५ तास मागता येतात, हे पत्रकात ठळक छापा.

मोठ्या मंडळांसाठी एक लांबचा रस्ताही आहे. न्याय खाते ना-नफा संस्थेला मान्यता देते आणि तिच्या प्रशिक्षित माणसाला, तो वकील नसला तरी, इमिग्रेशनची कामे करण्याचा अधिकार देते. पूर्ण अधिकार असेल तर इमिग्रेशन कोर्टातही उभे राहता येते. संस्थेसाठी ईओआयआर-३१ हा अर्ज, माणसासाठी ईओआयआर-३१ए. मान्यता ६ वर्षांची, अधिकार ३ वर्षांचा, मग नूतनीकरण. प्रशिक्षण, जाणकाराच्या देखरेखीची किंवा सल्ल्याची सोय, कायद्याची साधने आणि गरिबांना स्वस्तात सेवा देण्याची तयारी, हे सगळे दाखवावे लागते. आपल्याकडे निवृत्त बँक अधिकारी, शिक्षक, लेखापाल भरपूर आहेत. कागद वाचायची ज्यांना सवय आहे, अशीच माणसे या कामाला लागतात.

सुरुवात जवळच्या सेंटरपासून व्हावी. न्यू जर्सीकरांना एलिझाबेथ आणि न्यूअर्क, सिएटलकरांना टॅकोमा, लॉस एंजेलिसकरांना ॲडेलॅन्टो, ह्यूस्टनकरांना कॉनरो, अटलांटाकरांना लम्पकिनचे स्टुअर्ट, ते सुमारे १४० मैलांवर. तुमच्या भागात आत जाणारी विधी संस्था कोणती हे इमिग्रेशन कोर्टाच्या विनामूल्य वकिलांच्या यादीत सापडेल. त्यांना फोन करताना 'आम्ही काय करू?' असे विचारू नका. त्यांच्याकडे उत्तर द्यायलाही वेळ नाही. 'आमच्याकडे चार तपासलेले मराठी दुभाषे आणि दोन प्रमाणित भाषांतरकार आहेत, हे त्यांचे मोकळे तास' असे सांगा. पुढच्या कार्यकारिणी बैठकीत दोन नावे ठरवा, एक दुभाष्यांच्या यादीसाठी, एक पत्रकासाठी, आणि ती दोघे अध्यक्षांच्या मित्रमंडळातली नसली तर उत्तम.

आपले,
स्थलांतरितांच्या हक्कांवर काम करणारे काही मराठी वकील, दुभाषे आणि स्वयंसेवक